‘है’ म्हणजे होकार नव्हे
कँटनच्या बाजारात उपयोगी पडणारी काही वाक्ये

सोलापूरच्या पेठेत बसणाऱ्या माणसाला भाषेची भीती वाटत नाही. सौदा मराठीत, विणकराशी बोलणे तेलुगूत, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि घरी दखनी. ‘कळलं का?’, ‘अर्थमैंदा?’, ‘तिळीता?’, ‘समझे क्या?’ हे चारही प्रश्न आपल्या गल्ल्यावर एकाच दिवसात ऐकू येतात. मग कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला, गेल्यावर आपण मुके का होतो?

या शहरात १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मोठी व्यापारी जत्रा भरते. आम्ही प्रथम तेथे गेलो तेव्हा एका दुकानदाराला गणवेशाच्या बटणांचा आकार, रंग आणि चार भोके असे सारे समजावून सांगितले. प्रत्येक वाक्याला तो ‘है, है’ म्हणत होता. आपल्या कानाला ‘है’ म्हणजे पक्की गोष्ट. आम्ही विसार देऊन परतलो. माल आला तो दोन भोकांच्या बटणांचा. शाळा उघडण्याची तारीख हुकली आणि गिऱ्हाईकही गेले. पुढे समजले की तेथील कँटनी बोलीत ‘है’ म्हणजे ‘होय’ खरे, पण बोलण्याच्या ओघात त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असू शकतो. दोष त्याचा नव्हता. समजले की नाही हे विचारण्याची रीत आम्हालाच ठाऊक नव्हती.

ती रीत सोपी आहे. क्रियापद दोनदा म्हणायचे आणि मध्ये ‘म्’ घालायचा. हा ‘म्’ ओठ मिटून, गुणगुणल्यासारखा म्हणावा. त्याचा अर्थ ‘नाही’. आपल्या ‘कळलं की नाही?’ सारखाच हा प्रकार आहे.

१) नेय मिंग म् मिंग? – तुम्हाला समजले की नाही?
२) ङॉ म् मिंग. – मला समजले नाही. (‘वाङ्मय’ मधला ङ.)
३) म् कॉय, चॉय कॉंग यत छी. – कृपा करून पुन्हा एकदा सांगा.
४) म् कॉय, कॉंग मान ती. – जरा सावकाश बोला.
५) म् कॉय, से तै. – कृपया लिहून द्या.
६) चिक है..., है म् है? – म्हणजे अमुक अमुक, बरोबर ना?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘है’ असे येऊ नये, ‘मिंग’ किंवा ‘म् मिंग’ असे यावे. नुसता ‘है’ आला तर पुन्हा विचारावे. ‘चॉय’ मधला च आपल्या ‘चाक’ मधला आहे. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हा भेद त्या बोलीत आहे आणि तो आपल्या जिभेवर लहानपणापासून आहे. अवघड आहे ते सुरांचे. कँटनीत सहा सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत बोलावे.

आता पैशाच्या दोन जागा, जेथे चूक महागात पडते. पहिली, ‘मन’ आणि ‘मान’. बोलण्यात युआनला ‘मन’ म्हणतात, सूर उंच आणि अ ऱ्हस्व. ‘मान’ म्हणजे दहा हजार, सूर खाली आणि आ दीर्घ. ‘सप’ म्हणजे दहा. तेव्हा ‘सप मन’ म्हणजे १० युआन आणि ‘सप मान’ म्हणजे १,००,०००. आपल्या लाखाला त्यांच्याकडे वेगळा शब्द नाही, ते दहा ‘मान’ म्हणतात. दुसरी जागा सवलतीची. ‘पात चीत’ म्हणजे शब्दशः ‘आठ सवलत’. पण यात ८ टक्के सूट नाही, ८० टक्के सुटत नाहीत. किमतीचे दहा भाग करून आठ द्यायचे, म्हणजे सूट २० टक्के. १,००० युआनच्या मालाला ८०० पडतात. डझनाला ‘ता’ म्हणतात. दर नगाचा की डझनाचा, हे ‘चिक है यत ता, है म् है?’ असे विचारून घ्यावे.

एक गोष्ट ध्यानात असावी. ही बोली ग्वांगचौ, फोशान आणि हाँगकाँगकडची. घाऊक बाजारात बसणारे पुष्कळजण दुसऱ्या प्रांतांतून आलेले असतात आणि ते उत्तरेकडची चिनी बोलतात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि भाषा शिकून त्यांनी तेथील विद्यार्थ्यांना शिकवले, ती ही उत्तरेकडचीच. तेव्हा आधी ‘नेय सिक म् सिक कॉंग क्वॉंग-तुंग-वा?’, म्हणजे ‘तुम्हाला कँटनी बोलता येते का?’, असे विचारावे. जेवणाच्या वेळी ‘है म् है छिंग चन?’ म्हटले की हलाल आहे का हे विचारल्यासारखे होते. इथेही नुसत्या ‘है’वर भागवू नये, खानावळीवरची पाटी पाहून घ्यावी.

शेवटी, तोंडी कितीही जमले तरी आकडा, माप आणि तारीख कागदावर घ्यावी. आकडे दोघांनाही वाचता येतात. मालाचा नमुना हातात धरून बोट ठेवावे, मग ‘मिंग म् मिंग?’ विचारावे आणि ‘मिंग’ ऐकल्याखेरीज विसार देऊ नये. आम्ही ही गोष्ट बटणांची किंमत मोजून शिकलो. आपल्याला ती फुकट शिकता येईल.