विजेच्या मोटारीचा लांबचा प्रवास व शिलकेचा हिशेब

गेल्या कांहीं वर्षांत विजेवर चालणाऱ्या मोटारी आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या खेड्यांतूनही दिसूं लागल्या आहेत. प्रथम त्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांबरोबर येत; आतां आंबा-काजूच्या बागायतदारांच्या खळ्यांतही एखादी उभी असते. गांवापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत जाणेंयेणें एवढेंच काम असेल तर रात्रीं घरीं चार्जिंगला लावावी व सकाळीं न्यावी. त्यांत शिकण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. परंतु दीडशें किलोमीटरांचा पल्ला, मध्यें घाट, आणि वाटेंत चार्जिंगची सोय एखाद्याच ठिकाणीं, असा प्रसंग आला म्हणजे शहाणा मनुष्यही फसतो. आम्ही फसलों. कसे फसलों व त्यांतून काय शिकलों हें सभासद-बंधूंपुढें मांडावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. यंत्रशास्त्र आम्हांस येत नाहीं, जमाखर्च येतो. विजेची मोटार ही मुख्यत्वें जमाखर्चाची बाब आहे, असें आमचें मत झालें आहे.

आमच्या चिरंजीवांनीं घेतलेल्या गाडीची बॅटरी सुमारें 30 युनिटांची आहे. युनिट म्हणजे घरच्या वीजबिलांत असतें तेंच. सपाट रस्त्यावर, चार माणसें बसून, बेताच्या वेगानें एका युनिटांत सात किलोमीटर जातां येतें असें आम्ही धरतों. विकतांना सांगितला जाणारा पल्ला ह्याहून बराच मोठा असतो. उदाहरणार्थ, 2020 सालीं बाजारांत आलेल्या पहिल्या नेक्सॉन ई.व्ही. गाडीची बॅटरी 30.2 युनिटांची आणि प्रमाणपत्रांतील पल्ला 312 किलोमीटरांचा होता, म्हणजे युनिटास दहा किलोमीटरांहून अधिक. ह्यांत लबाडी नाहीं. तो आंकडा ठराविक चांचणींतून काढलेला असतो व एका गाडीची दुसरीशीं तुलना करण्यास उपयोगी पडतो. शेतकऱ्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. नजर-अंदाज पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी ह्यांत अंतर पडतें, आणि कोठारांत भात येतें तें तर दोहोंनाही विचारीत नाहीं.

आतां घाटाचा खर्च. सावंतवाडी समुद्रसपाटीजवळ, आंबोली सुमारें 690 मीटर उंच. माणसांसह सतराशें किलो वजनाची गाडी तेवढी वर उचलण्यास निव्वळ तीन युनिटें लागतात, आणि यंत्रांतील तूट धरली तर साडेतीन. हीं साडेतीन युनिटें रस्त्याच्या लांबीच्या खर्चाखेरीज होत. म्हणजे सावंतवाडी ते आंबोली हें 30 किलोमीटरांचें अंतर कागदावर सवाचार युनिटांचें दिसलें तरी प्रत्यक्षांत जवळजवळ आठ युनिटांचें आहे. उतरतांना मात्र गाडीची मोटारच उलट वीज उत्पन्न करून बॅटरींत भरते व खर्चाचा बराच भाग परत मिळतो. पण बॅटरी आधींच कांठोकांठ भरलेली असेल तर ही वीज घेण्यास जागा नसते. म्हणून माथ्यावर मुक्काम केल्यास पूर्ण भरून उतरूं नये.

एवढें ज्ञान असूनही जें झालें तें असें. आमच्या आक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. बेळगांवच्या एका इस्पितळानें शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीसाठीं जुलै महिन्यांतील एक दिवस व सकाळीं अकराची वेळ दिली. मालवण ते बेळगांव, कुडाळ-सावंतवाडी-आंबोली ह्या मार्गानें, दीडशें किलोमीटर होतें. आदल्या रात्रीं गाडी चार्जिंगला लावली आणि मध्यरात्रीनंतर वादळी पावसानें वीज गेली. पहाटे पाहतों तों बॅटरी ऐशीं टक्के, म्हणजे 24 युनिटें. सावंतवाडीस जलद चार्जिंगचें एक केंद्र मोबाइलवर चालू दिसत होतें. तेवढ्या भरंवशावर साडेपांचास निघालों.

सावंतवाडीस सात वाजतां पोहोंचलों. शिल्लक 17 युनिटें. केंद्राचें यंत्र जागेवर होतें, पण निर्जीव. मोबाइलवर तें त्या क्षणींही चालूच होतें. आम्हीं तेथेंच थांबून कोणाच्या तरी घरीं दोन तास गाडी लावावयास हवी होती. परंतु आंबोलींत इतकीं हॉटेलें आहेत, एखादा पिन मिळेलच, असें बोलून आम्ही घाट चढूं लागलों. तीस वर्षे सरकारी वही लिहिलेल्या माणसानें येणें बाकी असलेली रक्कम जमेच्या बाजूस मांडावी, ह्याची आम्हांस आजही लाज वाटते.

आंबोलीस शिल्लक 9 युनिटें. गांवांत वीज नव्हती. तारांवर झाड पडलें होतें. पुढें बेळगांव पासष्ट-सत्तर किलोमीटर, खर्च साडेनऊ युनिटांचा, शिवाय धुकें, दिवे, वायपर आणि कांचेवरील वाफ काढण्याचा पंखा. मागें फिरून उतरावें तर सावंतवाडीस पोहोंचण्यास जेमतेम एक-दीड युनिट लागलें असतें. तपासणीची वेळ अकराची. आक्का मागील आसनावरून म्हणाली, "बैल दमलो तर वाटेर गवत तरी मिळता, हेका तू काय घालतलंस?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. तरी पुढें निघालों.

चंदगड तालुक्यांतील एका गांवीं, आंबोलीपासून पंचवीस किलोमीटरांवर, वीज असल्याचें पाहून थांबलों. पहिल्या घरांतील मंडळींनीं मोठ्या अगत्यानें पिन दिला; परंतु आमच्या चार्जरवर तांबडा दिवा लागला. घराला अर्थिंग नव्हतें. दुसऱ्या घरींही तोच प्रकार. तेव्हां घरधनी म्हणाला, "पाव्हणं, विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीतनं लावा की, त्येला बिल न्हाई."

येथें थोडें थांबून सांगितलें पाहिजे, कारण हा मोह आपल्या जिल्ह्यांतही अनेकांस होणार. 2024 पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस बिल माफ आहे, हें खरें. परंतु ती वीज पंपासाठीं दिलेली आहे. ज्या कामासाठीं जोडणी मंजूर झाली त्याखेरीज दुसऱ्या कामास ती वापरणें हा 2003 च्या विद्युत अधिनियमाच्या 126 व्या कलमाप्रमाणें अनधिकृत वापर होतो व लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. ती आकारणी पाहुण्याच्या नांवें निघत नाहीं, जोडणी ज्याच्या नांवें असेल त्याच्या नांवें निघते. आम्ही मोहांत पडलोंच नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. आक्काकडे पाहून आम्हीं चिरंजीवांस वायर काढावयास सांगितलेंही होतें. मग त्या भल्या माणसाच्या दारांत पंचनामा होत असल्याचें चित्र डोळ्यांपुढें आलें आणि वायर परत ठेवविली.

त्याच घरधन्यानें पुढें गांवची भातगिरण दाखविली. गिरणवाला लावणीस गेला होता. तो येईपर्यंत साडेअकरा झाले. गिरणींत तीन फेजची जोडणी, जाड तारा, आणि मोटारीसाठीं जमिनींत नीट पुरलेली अर्थिंगची पट्टी. वायर लावतांच हिरवा दिवा लागला. दीड तासांत चार युनिटें बॅटरींत पडलीं. बेळगांवास अडीच वाजतां पोहोंचलों, तेव्हां डॉक्टर निघून गेले होते. पुढील तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. गाडी बंद पडली नाहीं, पैसा गेला नाहीं, पण आक्कास आणखी पंधरा दिवस धूसर डोळ्यांनीं तांदूळ निवडावे लागले. ती आम्हांस एक शब्दही बोलली नाहीं, तें अधिक लागलें.

गिरणीची गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. 1888 च्या ऑगस्टांत जर्मनींत बेर्था बेंझ ह्या बाईंनीं आपल्या पतीनें बनविलेली मोटार मान्हाइमहून फोर्त्झहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर नेली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या वेळीं पेट्रोल-पंप कोठेंच नव्हता. वाटेंत वीसलोख गांवीं त्यांनीं औषधाच्या दुकानांतून लिग्रोईन हें इंधन घेतलें, कारण तें डाग काढण्यासाठीं तेथें विकावयास असे. तात्पर्य, नव्या वाहनाचें खाद्य जुन्याच एखाद्या दुकानांत सांपडतें. तें कोणत्या, हें ठाऊक पाहिजे. आपल्या भागांत तें भातगिरणींत, पिठाच्या गिरणींत, लाकूड कापण्याच्या गिरणींत किंवा वेल्डिंगच्या दुकानांत सांपडेल. जेथें मोठी मोटर फिरते तेथें तारा जाड असतात व अर्थिंग असण्याचा संभव पुष्कळ.

घरचें अर्थिंग हा विषय कोंकणांत विशेष लक्ष देण्याजोगा आहे. आपली जमीन जांभ्याची. जांभा पावसाळ्यांत ओला असतो तोंवर ठीक. मार्च-एप्रिलांत सडा तापून कोरडा झाला म्हणजे जमिनींत पुरलेली पट्टी असून नसल्यासारखी होते. ज्या सॉकेटवर श्रावणांत हिरवा दिवा लागला त्यावरच वैशाखांत तांबडा लागतो आणि लोक चार्जरास दोष देतात. तो दिवा आपला जीव वांचवीत असतो. त्यास फसविण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्या तर ऐकूं नयेत. परवाना असलेल्या वायरमनकडून विहिरीच्या किंवा माडाच्या आळ्याच्या ओलाव्याजवळ नवें अर्थिंग करवून घ्यावें, उन्हाळ्यांत तेथें पाणी घालीत जावें, आणि मीटरापासून 16 अँपिअरच्या सॉकेटपर्यंत स्वतंत्र जाड तार ओढावी. लांब जोडवायरी व साधे बोर्ड वापरूं नयेत. गाडी सहा-आठ तास सारखा भार घेते, आणि मिक्सर चालवणारी तार तेवढ्यांत वितळूं शकते. अशा सॉकेटवर तासास सुमारें तीन युनिटें मिळतात. संध्याकाळीं दाब उतरला म्हणजे त्याहूनही कमी. घरच्या जोडणीवरून आपली गाडी चार्ज करण्यास मोकळीक असल्याचें केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. मात्र ज्यांस निवास-न्याहरीच्या घरीं दाम घेऊन पाहुण्यांच्या गाड्या चार्ज करावयाच्या असतील त्यांनीं महावितरणकडे निराळी जोडणी मागावी. दरपत्रकांत त्यासाठीं स्वतंत्र वर्ग आहे.

राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणांत राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरांस चार्जिंगची सोय करण्याचें योजलें आहे. ती होईल तेव्हां कणकवली-कुडाळच्या हमरस्त्यास होईल. देवगड-आचरें-मालवण-वेंगुर्लें ही आपली किनाऱ्याची वाट राष्ट्रीय महामार्ग नव्हे, आणि खर्चाच्या दृष्टीनें ती दिसते तितकी सोपीही नाहीं: खाडीवरचा पूल ओलांडला कीं चढ, चढून गेलें कीं सडा, सड्यावर वारा, आणि पुन्हां उतार. ह्या वाटेवर युनिटास सातऐवजीं सहाच किलोमीटर धरावे. मे 2021 मध्यें तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरील कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत होतीं, हें आपण विसरलों नाहीं. जून ते सप्टेंबर ज्या घरीं दुसरें वाहन नाहीं त्यानें बॅटरी निम्म्याखालीं जाऊंच देऊं नये.

आतां आम्ही निघण्यापूर्वीं एका कागदावर आरंभींची शिल्लक, प्रत्येक टप्प्याचा खर्च व टप्प्याअखेरची शिल्लक मांडतों, अडत्या जशी मांडतो तशी. पुढचें केंद्र त्या दिवशीं चालू आहे असें तेथील माणसानें फोनवर सांगितल्याखेरीज तें जमेस धरीत नाहीं. आणि प्रत्येक टप्प्यावर एवढें पाहतों कीं, पुढील सोय नसल्यास मागील ठाऊक असलेल्या पिनापर्यंत परत येण्यापुरतें बॅटरींत असावें.

आक्कास दुसऱ्या खेपेस आम्हीं आदल्या दिवशींच नेलें. पूर्वीं घाटावर भात-नारळ नेणाऱ्या गाड्या चढ लागण्यापूर्वीं पायथ्याशीं मुक्काम करीत, बैलांस चारा-पाणी देत आणि पहाटे जुंपीत. आम्हींही सावंतवाडीस भाचीच्या घरीं रात्र काढली. तिचें अर्थिंग आठ दिवस आधीं तपासून घेतलें होतें. सकाळीं 30 युनिटें घेऊन निघालों; आंबोलीस 22, बेळगांवास 12, आणि घड्याळांत साडेनऊ. जातांना त्या गिरणवाल्यास मालवणचे चार नारळ दिले. त्यानें त्या दिवशीं पैसे घेतले नव्हते. परततांना घाटमाथ्यावरून दाणोलीस उतरलों तों बॅटरीचा आंकडा घटण्याऐवजीं एका टक्क्यानें वाढला होता. चिरंजीवांनीं तो आक्कास दाखविला. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्यानें तिनें पाहिलें, आणि उतारावर बैलासही ओढावें लागत नाहीं, एवढेंच म्हणाली.