अलॉय व्हील ‘गंजतं’ तेव्हा...

‘ॲल्युमिनियमला गंज चढत नाही’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मित्रांनो, हे वाक्य अर्धंच खरं आहे! लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, पण झीज त्याचीही होते. फक्त तिचा रंग पांढरा असतो. विश्वास बसत नसेल तर स्टाफ पार्किंगमधल्या जुन्या गाड्यांची अलॉय व्हील्स जवळ जाऊन पहा (सरांची परवानगी घेऊन!). काठाजवळ रंगाला फोड आलेले आणि खाली पांढरी भुकटी दिसेल.

असं का होतं? उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आई जर्मनच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू देत नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली की क्षणात त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा तयार होतो आणि तोच धातूला वाचवतो. पण साधारण ४ ते ८.५ पीएचच्या बाहेर हा पापुद्रा विरघळू लागतो. म्हणजे त्याला आंबटही चालत नाही आणि सोडाही चालत नाही. शिवाय मिठातला क्लोराइड त्याला जागोजागी भोकं पाडतो. त्यालाच आपण ‘पिटिंग’ म्हणतो.

माझं गाव नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली. कयाधूकाठचं हे संत नामदेवांचं जन्मगाव. आमच्याकडची हवा कोरडी, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही मामांच्या गाडीची चारही चाकं पांढरी पडली होती, कारण गाडी सेकंड हॅण्ड. तिची पहिली काही वर्षं मुंबईत, खाऱ्या वाऱ्यात गेली होती. एका चाकाची हवा दर चार-पाच दिवसांनी उतरायची आणि पंक्चरवाल्याला पंक्चर काही सापडायचं नाही. सुट्टीत घरी गेलो तर मामा म्हणाले, “अरे, एवढं इंजिनिअरिंग शिकायलास, मग एक चाक नीट होईना का तुझ्याच्यानं?”

चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं तेव्हा बुडबुडे ट्यूबलेस टायरमधून आलेच नाहीत. ते आले टायर आणि रिम जिथे एकमेकांना चिकटतात त्या कडेतून. तिथला धातू खडबडीत झाला की रबर नीट बसत नाही आणि हवा हळूहळू निघून जाते. म्हणजे दुरुस्ती दिसण्यासाठी नव्हती, हवा धरून ठेवण्यासाठी होती.

आता मुद्द्याचं, कृती :

१) धुणे : चाक थंड असतानाच साध्या शॅम्पूने धुवा. कॉस्टिक सोडा अजिबात नको. तो ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. संडास साफ करायचं ॲसिडही नको. बाजारातल्या काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. क्लीनरची परीक्षा घरीच करता येते. आमच्या हिंगोली-वसमतकडे हळदीला तोटा नाही! हळद लावलेला कागद क्लीनरमध्ये बुडवा. लाल झाला तर ते अल्कली आहे, बाजूला ठेवा. थेंबभर शहाबादी फरशीच्या तुकड्यावर टाका. फेस आला तर ॲसिड आहे, तेही बाजूला.

२) तपासणे : टायर उतरवा, रंग स्ट्रिपरने काढा, चाक कोरडं करा आणि डाय पेनिट्रंट टेस्ट करा. लॅबमध्ये करतो तीच. लाल डाय लावायचा, काही मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. ही पायरी रंगकामाच्या आधी करायची. रंगाखाली तडा झाकला जातो, बुजत नाही.

३) घासणे : रंग कुठे उरला असेल तर तोही स्ट्रिपरने काढा. ब्लो लॅम्पने जाळू नका. त्यानंतर १८०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून. खड्ड्याच्या तळाशी स्वच्छ धातू दिसेपर्यंत थांबायचं नाही. साधा लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण धातूत रुततात आणि तिथूनच नवी झीज सुरू होते. दर्शनी भागावरच्या छोट्या खड्ड्यात पुटी चालेल, पण टायर बसतो त्या कडेवर आणि हबला टेकतो त्या भागावर पुटी नको.

४) रंगवणे : घासल्यावर त्याच दिवशी थिनरने पुसून एपॉक्सी प्रायमर, मग रंग, शेवटी क्लिअर कोट. हात पातळ असावेत. नटाच्या बैठकीवर आणि हबच्या बाजूला रंग लागू देऊ नका. तो दबून पातळ होतो आणि नट ढिले पडतात.

५) बसवणे : नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, आणि नट समोरासमोरचे आवळत टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

तीन चाकं अशी झकास झाली, हवाही टिकली. चौथ्याच्या स्पोकच्या मुळाशी मात्र लाल रेघ उमटली. मामा म्हणाले, “वेल्डिंग मारून वरून रंग देऊ, कोणाला कळतंय?” इथेच आपला अभ्यास कामाला येतो. बहुतेक अलॉय व्हील्स ए-३५६ जातीची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. ओतकामानंतर त्यांना साधारण ५४० अंशांवर तापवून पाण्यात विझवतात आणि मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवतात. या टी-६ प्रक्रियेतूनच ताकद येते. वेल्डिंगची उष्णता नेमक्या तड्याजवळच ती घालवते. पावडर कोटिंगही १८०-२०० अंशांवर होतं, म्हणून तिथेही वेळ मोजूनच हवा.

मी मामांना सांगितलं, “मामा, यात मामी आणि पोरं बसतात. हे चाक मी रंगवणार नाही.” ते दोन दिवस रुसले. मग त्याच मापाचं चाक घेतलं आणि तडा गेलेलं भंगारात दिलं. यात वाया काही जात नाही. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला नव्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते.

तेव्हा मित्रांनो, पॉलिश पेपर हातात घ्या, पण आधी डाय पेनिट्रंटचा डबा शोधा. चाक चकचकीत करणं कोणालाही जमतं. कोणतं चाक चकचकीत करायचं नाही, हे सांगता येणं म्हणजे इंजिनिअरिंग!