अहाबाच्या वाड्यातील ओबद्या

(पाठ : १ राजे १८:१-१६; २१:१-१६; २२:१-२८)

रविवारच्या शाळेच्या वरच्या वर्गात निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हटकून येतो. मतदार यादीत नुकतेच नाव लागलेली मुले विचारतात, "ख्रिस्ती माणसाने राजकीय पक्षात जावे काय?" शिक्षक बहुधा घाईने सांगतात की, राजकारण हा चिखल आहे, आपण प्रभूची लेकरे, आपण त्यात पाय घालू नये. मुले गप्प बसतात, पण त्यांचे समाधान होत नाही. कारण तीच मुले पाहतात की, नाताळच्या कार्यक्रमाला नगरसेवकाला आग्रहाने बोलाविले जाते, त्याच्या गळ्यात हार घातला जातो, आणि चहाच्या वेळी कब्रस्तानाच्या पडक्या भिंतीची गोष्ट हळूच काढली जाते. आपले पाय स्वच्छ राहावेत आणि चिखलातले काम दुसऱ्याने करून द्यावे, असाच त्याचा अर्थ होतो.

या प्रश्नावर आपण साधारणतः दोन वचने पुढे करतो. एक कैसराच्या नाण्याचे, दुसरे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचे. दोन्ही मोलाची आहेत. पण ती कर देण्याविषयी व अधिकाराला मान देण्याविषयी बोलतात. अधिकाराच्या आत जाऊन बसलेल्या विश्वासणाऱ्याने कसे वागावे, हे त्यांत फारसे नाही. त्यासाठी मी वाचकांना अहाब राजाच्या काळात नेऊ इच्छितो. तो राजा वाईट होता याविषयी शास्त्रात दुमत नाही. तरी त्याच्याच राज्यात परमेश्वराला भिणारा एक मनुष्य घरकारभारी होता. त्याचे नाव ओबद्या.

ओबद्याविषयी शास्त्र थोडेच सांगते, पण जे सांगते ते वजनदार आहे. तो लहानपणापासून परमेश्वराचे भय बाळगणारा होता. ईजबेल संदेष्ट्यांचा नाश करीत असताना त्याने शंभर संदेष्टे घेतले, पन्नास-पन्नास करून गुहांत लपविले आणि त्यांना अन्नपाणी पुरविले. पुढे भयंकर दुष्काळ पडला तेव्हा राजाच्या घोड्यांसाठी गवत शोधीत अर्धा देश फिरण्याचे काम याच ओबद्याकडे आले. इतक्या माणसांची रोजची भाकर कोणाच्या नजरेत न येता गुहेपर्यंत पोहोचविणे बाहेरच्या माणसाला साधले नसते. ज्याचा हात वाड्याच्या कारभारावर होता त्यालाच ते साधले असावे, असे मला वाटते. ओबद्या काही शूर वीर नव्हता. एलीया भेटला तेव्हा तो थरथर कापला. अहाब मला मारील, असे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. भित्रा, पण विश्वासू. असे लोक मंडळीत पुष्कळ असतात, आणि त्यांच्याविषयी उपदेश मात्र क्वचितच होतो.

आता पुढील अध्याय पाहा. एलीया होरेबात म्हणतो की, मी एकटाच उरलो आहे. शंभर संदेष्टे जिवंत असल्याचे ओबद्याने त्याला आपल्या तोंडाने सांगितले होते, तरी निराशेच्या क्षणी एलीयाला त्यांची आठवण राहिली नाही. जे बाहेर उभे राहून राज्यकर्त्यांना धिक्कारतात त्यांचे पाचारण खरे आहे; पण आत कोणी विश्वासू असू शकतो, हे त्यांना चटकन दिसत नाही. परमेश्वराने एलीयाला ओबद्याच्या जागी पाठविले नाही आणि ओबद्याला कर्मेलावर उभे केले नाही. म्हणून "ख्रिस्ती माणसाने पक्षात जाऊ नये" असा सरसकट नियम करण्यास मला शास्त्रात आधार दिसत नाही.

आपल्या देशाच्या इतिहासातही तो नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनास त्या स्त्री-प्रतिनिधींपैकी एक म्हणून हजर होत्या. वायएमसीएचे के. टी. पॉल हे १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेस गेले. ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ नकोत, असे त्यांचे ठाम मत होते. पुढे घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा ठेवू नयेत, असा निर्णय मे १९४९ मध्ये घटना समितीने घेतला, त्याला त्यांचा मनापासून पाठिंबा होता. राजकुमारी अमृत कौर यांचाही कल तोच होता. त्या ख्रिस्ती होत्या, आणि १९४७ पासून १९५७ पर्यंत देशाच्या आरोग्यमंत्री होत्या.

या निर्णयाचा अर्थ आपण नीट लक्षात घेत नाही. आमच्या वडिलांनी "आमच्यासाठी वेगळी खुर्ची नको" असे सांगितले ते खुर्चीच नको म्हणून नव्हे. सर्वांच्या बरोबरीने, सर्वांच्या पक्षांतून, शेजाऱ्याच्या मतावर आम्ही निवडून येऊ, या भरवशाने सांगितले. आता आपणच पक्षांपासून चार हात दूर राहिलो तर तो भरवसा पोकळ ठरतो. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात शीख बांधवांचा १९५६ साली व बौद्ध बांधवांचा १९९० साली समावेश झाला. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. हा प्रश्न नाताळच्या हाराने सुटणारा नाही. तो सभागृहातच सुटेल किंवा न्यायालयात. मात्र एक सांगून ठेवतो : जो केवळ ख्रिस्ती लोकांची कामे करून घेण्यासाठी पक्षात जातो, त्याने न गेलेलेच बरे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना ज्या नगराचे हित पाहण्यास सांगितले, ते नगर सगळ्यांचे होते. गल्लीत पाणी येत नसेल तर ते शेजाऱ्याच्या घरीही येत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी उत्साहाने सभासदत्वाची पावती फाडण्यास निघाला असेल तर त्याने थोडे थांबावे व एकविसावा अध्याय वाचावा.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो तेव्हा अहाबाचा लोभ आणि ईजबेलीचा कपटीपणा सांगतो. इज्रेलच्या वडिलांविषयी आपण बोलत नाही. ईजबेल राजवाड्यात होती. उपास जाहीर केला तो गावच्या वडिलांनी. नाबोथाला लोकांपुढे बसविले ते त्यांनीच, आणि दोन अधम माणसे साक्षीला उभी केली तीही त्यांनीच. हे वडील नाबोथाचे शेजारी होते, त्याच्याच गावचे. त्यांच्यापैकी कोणाचे नाबोथाशी वैर होते असे लिहिलेले नाही. वरून पत्र आले, पत्रावर मुद्रा होती, आणि त्यांनी पत्राबरहुकूम केले. एकानेही "हे माझ्याने होणार नाही" असे म्हटल्याची नोंद नाही.

पक्षात जाणाऱ्याची परीक्षा इथे आहे. दारू किंवा लाच यांच्या मोहाविषयी आपण तरुणांना सावध करतो, ते योग्यच आहे. पण त्याहून मोठा धोका मुद्रा असलेल्या पत्राचा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून आमदार-खासदारांनी पक्षाचा आदेश, ज्याला व्हिप म्हणतात, मोडून मत दिले तर त्यांची जागा जाऊ शकते. सरकारे रोज कोसळू नयेत म्हणून हा कायदा झाला, आणि त्याची गरजही होती. पण विवेकाच्या प्रश्नावर ख्रिस्ती आमदाराला आपली जागा गमावण्याची तयारी ठेवावी लागेल, हे त्याने अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून बोलून ठेवावे. साध्या सभासदाला व्हिप नसतो. त्याला असते ती भीड : नेता काय म्हणेल, कार्यकर्ते काय म्हणतील. परत देता येत नाही अशी पावती घेऊच नये, असे माझे मत आहे.

आणि ते दोन खोटे साक्षीदार! आज त्यांना गावात आणावे लागत नाही. ते आपल्या खिशात असतात. एखाद्या समाजाविषयी किंवा उमेदवाराविषयी व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर खरा की खोटा हे न पाहता पुढे ढकलणारा विश्वासणारा नववी आज्ञा मोडतो, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. उपासना सुरू होण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत बाकावर बसून हे काम चालते, हे मी डोळ्यांनी पाहतो.

बाविसाव्या अध्यायात प्रश्न मंडळीच्या दाराशी येतो. अहाबाजवळ चारशे संदेष्टे होते आणि त्या सर्वांचे एकमत होते. यहोशाफाट राजाला त्या एकमताचाच संशय आला असावा. मीखायाला आणावयास गेलेल्या मनुष्याने त्याला वाटेत समजावले की, सगळे चांगले बोलतात, तूही तसेच बोल. मीखाया बोलला नाही, आणि तुरुंगात गेला. ओबद्या हा राजाचा सेवक असूनही परमेश्वराचा राहिला. हे चारशे परमेश्वराचे सेवक म्हणवीत राजाचे झाले. ओबद्याने वाड्यात जाणे आणि वाडा मंदिरात येऊन बसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

कार्ल बार्थ या स्विस ईश्वरविज्ञानवेत्त्याच्या चरित्रात हा फरक स्पष्ट दिसतो. साफेनविल गावी पाळक असताना, गिरणीकामगारांची दशा पाहून तो १९१५ साली समाजवादी लोकशाही पक्षाचा सभासद झाला. तोच बार्थ पुढे जर्मनीत प्राध्यापक असताना, हिटलरच्या पक्षाने मंडळी गिळंकृत करण्याचा घाट घातला तेव्हा, १९३४ च्या बार्मेन येथील जाहीरनाम्याचा मुख्य लेखक झाला. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास त्याने नकार दिला. १९३५ साली त्याची नोकरी गेली. पक्षात जाणारा आणि पक्षाला मंडळीबाहेर ठेवणारा असे दोन बार्थ नव्हते.

आपल्याकडेही हे घडते, फक्त लहान प्रमाणावर. एका मंडळीत मतदानाच्या आधीच्या रविवारी उमेदवाराला वेदीजवळ खुर्ची दिली, आणि आशीर्वचनानंतर "दोन शब्द" बोलावयास लावले. दुसऱ्या पक्षाचे काम करणारे एक कुटुंब त्यानंतर कित्येक महिने उपासनेस आले नाही. दोष केवळ त्या कुटुंबाचा नव्हता. कायद्यानेही हे वर्ज्य आहे. धर्मस्थळाच्या जागेचा राजकीय कार्यासाठी वापर करण्यास १९८८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि धर्माच्या किंवा भाषेच्या नावाने मत मागणे हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्टाचार ठरतो. पण कायदा नसता तरीही प्रभुभोजनाची मेज पुरेशी होती. प्रभूने बारा निवडले त्यांत रोमी सत्तेच्या छायेत कर वसूल करणारा मत्तय होता, आणि जिलोत म्हणविला गेलेला शिमोन होता. त्या दोघांत कोणी मध्यस्थी केली, हे शुभवर्तमानात नाही. ते एकाच पात्रातून जेवले, एवढे आहे.

बेळगावकडील वाचकांना हे अधिक सांगावयास नको. सीमाप्रश्नावर एकाच घरात बापाचे मत एक आणि मुलाचे दुसरे. आणि आपल्याच गावात कन्नड बोलणारी भावंडे त्याच प्रभूची उपासना करतात. मराठीसाठी झटणाऱ्याने जरूर झटावे. परंतु प्रभुभोजनाच्या रांगेत पुढचा कोणत्या बाजूचा, हा विचार मनात आला तर तिथेच भावाशी बोलून घ्यावे.

माझे स्वतःचे म्हणाल तर मी मत देतो, आणि माझी मते घरात व मित्रांत उघड आहेत. पण महिन्यातून दोनदा मला व्यासपीठावर उभे राहावे लागते, म्हणून मी कोणत्याही पक्षाचे पद घेतलेले नाही. पाळक, उपदेशक व मंडळीचे चिटणीस यांनी तसेच करावे. पद घ्यावयाचे झाल्यास मंडळीतील जबाबदारी आधी सोडावी. सरकारी नोकरांना सेवानियमांनुसार पक्षाचे सभासद होता येत नाही, हे आपल्या बऱ्याच घरांना लागू आहे. ज्याला सुरुवात करावयाची आहे त्याने ग्रामपंचायतीकडे पाहावे. महाराष्ट्रात व कर्नाटकात या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. तिथे माणूस पाहून मत मिळते.

शिक्षकांसाठी : लहान वर्गास केवळ गुहेतील शंभर संदेष्ट्यांची गोष्ट सांगावी. मधल्या वर्गाकडून नाबोथाचा अध्याय वाचून घ्यावा आणि विचारावे की, पत्र वाचून एखाद्या वडिलाला काय काय करता आले असते. मुले चांगली उत्तरे देतात. ती फळ्यावर लिहावीत. वरच्या वर्गात मीखायाचा अध्याय वाचताना एका मुलाला मीखाया व बाकीच्यांना चारशे संदेष्टे करावे, आणि अठराव्या अध्यायातील भाकर-पाणी व बाविसाव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या वचनातील भाकर-पाणी कोणी, कोणाला व कशासाठी दिले, हे त्यांनाच शोधू द्यावे. वर्गात कोणत्याही चालू उमेदवाराचे नाव शिक्षकाने घेऊ नये. मुलांनी घेतले तर ऐकून घ्यावे.