ट्रकच रेल्वेत बसतो तेव्हा

प्रश्न : कोलाडला भरलेले मालट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवलेले पाहिले. मालाबरोबर ट्रकचेही ओझे ओढायचे, तर प्रदूषण कमी कसे होणार? – एक वाचक, माणगाव

उत्तर : शंका रास्त आहे. कोकण रेल्वेची ही 'रो-रो' सेवा १९९९ साली कोलाड ते गोव्यातील वेर्णे अशी सुरू झाली. ट्रकचे वजन फुकट ओढले जाते, हे खरेच. पण रस्त्याने गेला तरी तो स्वतःचे वजन घरी ठेवून जात नाही! फरक पडतो चाकांखाली.

रबरी टायर भाराने दबतो, पुन्हा फुगतो, तापतो. बरेच इंधन त्यातच जिरते. पोलादी चाक पोलादी रुळावर जवळजवळ दबतच नाही. म्हणून तेवढेच ओझे ओढायला रेल्वेला कितीतरी कमी ऊर्जा लागते. त्यात चढाची भर. वाटेतल्या परशुराम घाटात भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत चढतो आणि डिझेल जाळून कमावलेली उंची उतारावर ब्रेक तापवण्यात घालवतो. रेल्वे मात्र डोंगर पोखरून गेली आहे. एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा. तिचा चढ साधारण १५० मीटरला १ मीटर, त्याहून जास्त ठेवलेला नाही.

धूर दिसला नाही म्हणजे प्रदूषण नाही, हा समज मात्र सोडून द्या. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. नीट जळालेले दिसत नाही, पण लिटरमागे सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. लिटरभर डिझेल किलोभरही भरत नाही, मग एवढे वजन आले कुठून? जळताना हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे.

'विजेचे इंजिनही शेवटी कोळशावरच ना?' असे कोणी म्हणेल. २०२२ पासून हा सारा मार्ग विजेवर आहे आणि देशातली बरीचशी वीज कोळशाचीच, हे मान्य. पण मुळात ऊर्जाच कमी लागते, तो फायदा कुठे जात नाही.

मग माल थेट वाघिणीत का भरत नाहीत? हवेच्या हिशेबाने तेच उत्तम. पण अख्खी मालगाडी दोन-तीन हजार टनांची आणि लहान व्यापाऱ्याकडे माल दहा-पंधरा टन. शिवाय दोन्ही टोकांना ट्रक लागतोच, हमाली दुप्पट, फूटतूट वेगळी. रो-रोत मालाला हात लावावा लागत नाही. तरीही गाडी सुटेपर्यंत खोळंबून राहणे सगळ्यांना परवडत नाही. आणि डोक्यावर विजेची तार असल्याने फार उंच रचलेला ट्रक घेतलाच जात नाही. त्याला घाटच चढावा लागतो.