स्तनकर्करोग आणि उपस्थाता

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगताना उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. स्तनकर्करोगाच्या रुग्णेबाबत या पादाचे महत्त्व आम्हांस विशेष जाणवते.

स्तनातील गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. संकोचाने ती लपविली जाते. प्रथम कळते ती बहिणीला किंवा शेजारणीला. तिने रुग्णेस डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात अथवा परळच्या टाटा रुग्णालयात स्वतः सोबत न्यावे. ग्रामदेवतेचा कौल अवश्य घ्यावा, मात्र शस्त्रकर्माची तारीख त्यावर टांगू नये. चरकांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांना सत्त्वावजयासह एकत्रच सांगितले आहे. एकाच्या जागी दुसरे नव्हे.

केमोथेरपीनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत श्वेतपेशी घटतात. सर्दी-खोकला असलेल्या आप्तांनी तेव्हा भेटीस न जाणे हाच अनुराग. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेल्यास काढा देत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. आपण वैद्यांनी दिलेले चूर्णही कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच चालू ठेवावे. काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास त्या बाजूचा हात सुजू शकतो. तेथे घट्ट बांगड्या व जोरकस मर्दन नको. शस्त्रकर्मानंतर काही आठवडे पाण्याची घागर मैत्रिणीने उचलावी.

केस गळल्यावर पुष्कळजणी घराबाहेर पडेनाशा होतात. श्वेतपेशी सावरल्या की हळदीकुंकवाचे नुसते आमंत्रण देऊन थांबू नये. घरी जाऊन तिला बरोबर घेऊन यावे.