निळा धूर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सकाळपासून लेथ यंत्रांची घरघर सुरू होते. त्या घरघरीतही एका लहानशा गॅरेजमधील मिस्त्रींचे कान रस्त्याकडे लागलेले असत. गाडी दृष्टीस पडण्यापूर्वीच ती कोणती आहे आणि तिला काय झाले आहे, हे ते आवाजावरून सांगत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे आलेल्या भाच्याला याचे मोठे नवल वाटे.

त्या दिवशी मात्र कानांची गरज पडली नाही. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावाहून रोज शहरात दूध आणणारे एक गृहस्थ निळ्या धुराचा लांब पट्टा मागे सोडीत दारात येऊन थांबले. त्यांची बुलेट जुनी होती. दोन्ही बाजूंना दुधाच्या रिकाम्या किटल्या लटकत होत्या.

“मिस्त्री, रिंगा तेवढ्या बदलून द्या,” ते उतरता उतरता म्हणाले. “संध्याकाळपर्यंत गाडी हवी. एक दिवस खाडा झाला, तर गिऱ्हाइके दुसरीकडे जातात.”

बुलेट ही मूळची इंग्लंडमधील रेडिच या गावची. १९५५ पासून ती मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, तयार होऊ लागली. तिच्या जुन्या ३५० इंजिनाचा सिलिंडर बिडाचा असे. त्याचा आतील व्यास ७० मिलिमीटर. त्यात पिस्टन नावाचा दट्ट्या ९० मिलिमीटर वर जातो आणि तितकाच खाली येतो. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असले, तर एका मिनिटात हा दट्ट्या त्या अरुंद नळीत ५४० मीटर धाव घेतो! पिस्टनभोवतीच्या खाचांत बसविलेल्या लोखंडी रिंगा सिलिंडरच्या भिंतीला सतत घासत असतात. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून बरे. नाहीतर हे इंजिन एक कोसही चालते ना.

“धूर निळा आहे, तेव्हा तेल जळते आहे, हे नक्की,” मिस्त्री भाच्याला म्हणाले. “पेट्रोल जास्त होत असते, तर धूर काळा आला असता. पण तेल वर येते कोठून? रिंगांच्या बाजूने की व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून? ते अजून कळलेले नाही.”

त्यांनी किकवर पाय ठेवला. चांगल्या इंजिनात दाबलेली हवा पायाला अडविते. येथे पाय अलगद खाली गेला. मग त्यांनी स्पार्क प्लग काढला. तो तेलाने काळा व ओला झाला होता. त्या भोकातून त्यांनी चमचाभर तेल आत सोडले, प्लग पुन्हा बसविला आणि भाच्याला किक मारावयास सांगितले. आता पाय मध्येच अडला. तेलाने रिंगांभोवतीची फट क्षणभर बुजविली होती. व्हॉल्व्ह गळत असते, तर चमचाभर तेलाने एवढा फरक पडला नसता.

पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर आणि धुराची नळी उतरली. हेडच्या नटा मिस्त्रींनी एकदम सोडल्या नाहीत. समोरासमोरच्या नटा थोड्या थोड्या सैल करीत नेल्या, म्हणजे हेड वाकत नाही. दोन्ही पुशरॉडची अदलाबदल होऊ नये म्हणून त्या वेगवेगळ्या कापडांत गुंडाळून ठेवल्या. सिलिंडर वर उचलताच त्यांनी इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबले. पिस्टनची पिन धरून ठेवणारी क्लिप बोटाएवढीही नसते. पण ती आत पडली, की अख्खे इंजिन खोलावे लागते. घाईघाईने हे फडके विसरणारे मिस्त्री पुढे कित्येक तास ती क्लिप शोधीत बसतात.

“आता सिलिंडरच्या आत नख फिरव,” मिस्त्री म्हणाले.

मुलाने खालून वर नख नेले. काठापासून थोडे खाली ते अडले. तेथे एक बारीक कड होती.

“सर्वांत वरची रिंग जेथून मागे फिरते, ती ही जागा. कडेच्या वर रिंग पोचत नाही, म्हणून तेथे झीज नाही. तिच्या लगेच खाली झीज सर्वांत जास्त. स्फोटाचा दाब तेथे, उष्णता तेथे, आणि तेल मात्र तेथे सर्वांत कमी पोचते.”

मग जुनी रिंग सिलिंडरच्या तळाशी बसवून तिच्या दोन टोकांमधील फट पोलादी पात्यांच्या गेजने मोजली. ती ०.८० मिलिमीटर भरली. तीच रिंग कडेच्या खाली सरकविली, तेव्हा फट १.६० च्या आसपास झाली. मुलगा चकित झाला. रिंग एकच, मग फट दुप्पट कशी? वस्तुतः उत्तर शाळेतल्या भूमितीत होते. वर्तुळाचा व्यास जेवढा वाढतो, त्याच्या तिपटीहून अधिक परिघ वाढतो. बोअर गेजने मापे घेतली, तेव्हा खाली ७०.०६ आणि वर ७०.३१ मिलिमीटर आली. वरच्याच ठिकाणी आडवे माप ७०.२२ होते. सिलिंडर वरून रुंद झाला होता आणि गोलही राहिला नव्हता.

दूधवाले गृहस्थ अस्वस्थ होऊन पाहत होते. “म्हणजे रिंगांनी भागणार नाही?”

“रिंगा आत्ता घालून देतो म्हटले, तर तासाभरात देईन, दादा. पैसेही मिळतील,” मिस्त्री म्हणाले. “पण नव्या रिंगेची धार या कडेवर आपटेल आणि रिंग तुटेल. तुटली नाही, तरी प्रत्येक धावेला ती वर फाकेल, खाली आखडेल. महिन्याभरात तुम्ही पुन्हा याच दारात उभे. सिलिंडर बोअर करावा लागेल. दोन दिवस लागतील.”

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच आत बोट घालून ती कड चाचपून पाहिली. “करा,” ते म्हणाले.

आता भीती होती ती कनेक्टिंग रॉडची. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांत धरून वरखाली ओढला. आडवा तो किंचित हलला, पण तेवढी सैल जागा तेथे असावीच लागते. वरखाली मात्र तसूभरही हालचाल नव्हती. म्हणजे क्रँक उघडण्याचे कारण नव्हते. व्हॉल्व्हही तपासले. हेड उलटे धरून मार्गांत रॉकेल ओतले, तेव्हा एका व्हॉल्व्हकडून थेंब थेंब पाझर आला. ग्राइंडिंग पेस्ट लावून तो व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासला, तेव्हा पाझर थांबला.

“पण मामा, एवढी झीज झाली कशाने?” मुलाने विचारले.

मिस्त्रींनी उत्तर न देता हवेची गाळणी त्याच्या हाती दिली. तिचा कागद एका बाजूने फाटला होता. ऊस वाहणाऱ्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्याची धूळ कित्येक महिने सरळ इंजिनात जात होती. तेलात मिसळलेल्या त्या धुळीने सिलिंडर घासून काढला होता. व्हॉल्व्हला लावलेली पेस्ट जे काम करते, तेच. नवी गाळणी न लावता नवा पिस्टन घातला असता, तर त्याचीही तीच गत झाली असती.

अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन आधी आणला, तो मायक्रोमीटरने मोजला आणि मगच त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करून घेतला. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची फट ठेवावी लागते. ती कमी राहिली, तर तापलेला पिस्टन फुगून अडकतो. रिंगांची टोके एका रेषेत येऊ नयेत, म्हणून ती वेगवेगळ्या दिशांना फिरविली. पुशरॉड बोटांनी सहज फिरावी, पण वरखाली हलू नये, इतपतच टॅपेट कसले. तेलही नवे भरले.

तिसऱ्या दिवशी पहाटे गृहस्थ आले. मिस्त्रींनी ॲमीटरचा काटा मध्यावर आणला, लहानशी कळ दाबून अडलेली हवा सोडली आणि किक मारली. इंजिन त्याच्या ओळखीच्या ठेक्यात धडधडू लागले. मुलगा धावत मागे गेला आणि धुराच्या नळीपाशी त्याने पांढरा कागद धरला. त्यावर तेलाचा एकही डाग पडला नाही.

“पहिले ८०० किलोमीटर ताशी ५० च्या वर नेऊ नका, आणि ओझे निम्मे ठेवा,” मिस्त्री म्हणाले.

गृहस्थांनी दोनच किटल्या गाडीला बांधल्या. उरलेल्या दोन हातात घेऊन मुलगा त्यांच्याबरोबर एस. टी. च्या थांब्यापर्यंत चालत गेला.