भ्यालेलें हरिण

आपल्या वर्धा जिल्ह्यांतील बोरच्या अरण्यास १९७० सालीं अभयारण्याचा व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथें चितळ, सांबर, रोही इत्यादि तृणभक्षक प्राणी राहतात. अरण्यालगतच्या शेतांत ते पिकाच्या ओढीनें येतात. क्वचित् एखादें चितळ वाट चुकून गांवांत शिरतें. कुत्रीं पाठीस लागतात, माणसें धांवतात आणि अखेर तें पकडलें जातें. अंगावर जखम नसतांहि कांहीं तासांनीं अथवा दिवसांनीं तें मरूं शकतें. असें कां व्हावें?

अरण्यांत वाघाची चाहूल लागतांच चितळ कान टवकारतें, पाय आपटतें, तीक्ष्ण हांक देतें व शेपटी उभारून पळतें. झाडावरील वानराचा इशाराहि त्यास समजतो. ह्या वेळीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलीन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. हृदय जलद चालतें, पचन मंदावतें व स्नायूंचा रक्तपुरवठा वाढतो. संकट टळलें कीं हें सर्व शमतें आणि चितळ पुन्हां चरूं लागतें. येथवर भीति ही त्याची रक्षकच होय.

परंतु पाठलाग लांबला, वा पकडल्यावर सुटकेची धडपड चालूच राहिली, तर स्नायूंस प्राणवायु अपुरा पडतो. त्यांत लॅक्टिक आम्ल सांचतें व शरीराची उष्णता वाढते. स्नायूंचे तंतु फुटून त्यांतील तांबडें द्रव्य रक्तांत मिसळतें, आणि तें गाळतांना मूत्रपिंडें निकामी होतात. ह्या विकारास कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. बांधलेलें हरिण निपचित पडलें म्हणजे तें माणसाळलें असें पाहणारे समजतात. वस्तुतः त्याच्या आंत भीतीचें कार्य चालूच असतें. गोंजारणें, पाणी पाजणें, भोंवतीं गर्दी करून छायाचित्रें घेणें ह्यांनीं तें अधिकच भितें.

म्हणून असा प्राणी दिसल्यास आपण काय करावें? कुत्रीं आवरावीं, गलका थांबवावा, अरण्याकडील वाट मोकळी ठेवावी व वनखात्यास त्वरित कळवावें. तसेंच गवतांत एकटें पडलेलें पाडस उचलूं नये. आई त्यास लपवून चरावयास जाते व परत येऊन दूध पाजते. तें पोरकें नसतें. अशा प्रसंगीं दूर राहणें हीच खरी दया होय, हें आम्ही आपणांस आग्रहपूर्वक सांगूं इच्छितों.